कोयता कोणाच्या हातात होता?

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मागच्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमाराला दोन पोरं बाइकवरून आली, एकानं कोयता काउंटरवर आपटला, दुसऱ्यानं गल्ल्यातले पैसे आणि मालकाचा मोबाइल उचलला, आणि दोन मिनिटांत पाथर्डी फाट्याकडे पसार. कोणाला लागलं नाही, काउंटरची काच तेवढी फुटली. सकाळी ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, सशस्त्र दरोडा पडला, इंदिरानगर हादरलं. संध्याकाळी कळलं की पोलिसांनी ‘जबरी चोरी’चा गुन्हा नोंदवलाय, आणि तेव्हापासून कॉलनीत जे भांडण सुरू झालंय ते अजून चालूच आहे.

एका बाजूचं म्हणणं, पोलिसांनी दाबलं, सरळसरळ सशस्त्र दरोडा होता त्याची चोरी करून टाकली. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, दोन टपोरी पोरांनी पाच-सहा हजार नेले तर त्याला दरोडा कसला म्हणता, कुंभमेळा तोंडावर आलाय, नाशिकचं नाव कशाला खराब करता (आणि एका काकांनी तर उघडच सांगितलं की अशानं फ्लॅटचे भाव पडतात, निदान मनातलं बोलले म्हणायचं). चहाच्या टपरीवर, जॉगिंग ट्रॅकवर, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे हेच. आणि मला राहून राहून वाटतं की दोन्ही बाजू जाम जोरात भांडतायत पण ज्या शब्दावर भांडतायत तो शब्दच तिथे बसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेडिकलमध्ये जे झालं ते गंभीर होतं, खूप गंभीर, पण तो दरोडा नव्हता, आणि त्याला दरोडा म्हणा म्हणून हट्ट धरण्यात त्या मेडिकलवाल्याचंच नुकसान आहे. ‘सशस्त्र दरोडा’ हा शब्द आपण इंग्रजी बातम्यांमधून उचललाय, तिकडच्या ‘आर्म्ड रॉबरी’चं भाषांतर म्हणून, आणि ते भाषांतरच चुकलंय. आपल्याकडच्या कायद्याच्या मराठीत रॉबरी म्हणजे जबरी चोरी. दरोडा म्हणजे डकॉइटी. कोणीतरी कधीतरी घाईत रॉबरीला दरोडा म्हटलं, ते ऐकायला भारदस्त वाटलं, आणि आता एकटा माणूस चाकू दाखवून पाकीट घेऊन गेला तरी तो ‘दरोडेखोर’. बरं, ज्या इंग्लंडातून हा शब्द आला तिथल्या १९६८ च्या थेफ्ट ॲक्टमध्ये फक्त ‘रॉबरी’ आहे, ‘आर्म्ड रॉबरी’ नावाचा वेगळा गुन्हाच नाही, तो लोकांच्या आणि पेपरवाल्यांच्या तोंडचा शब्द. अमेरिकेतल्या काही राज्यांत मात्र तो खरोखरचा वेगळा गुन्हा आहे. आपल्याकडे ना जुन्या भारतीय दंड संहितेत होता, ना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आहे. एनसीआरबी म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या वार्षिक आकडेवारीत पण चोरी, घरफोडी, जबरी चोरी, दरोडा असे रकाने असतात, सशस्त्र दरोड्याचा रकाना नसतो. म्हणजे आमची कॉलनी महिनाभर अशा गुन्ह्याची नोंद मागतेय जो कुठल्या पुस्तकातच नाही.

मग पुस्तकात काय आहे? चोरी करताना, किंवा चोरीसाठी, किंवा चोरलेला माल घेऊन जाताना कोणाला इजा केली, अडवून धरलं, किंवा आत्ता इथल्या इथे मारतो अशी भीती घातली की ती जबरी चोरी. हत्यार हवंच असं नाही. जुन्या संहितेत याच व्याख्येखाली एक उदाहरण दिलेलं होतं, रस्त्यात बापलेक चाललेत, चोर पोराला उचलतो आणि म्हणतो पैसे दे नाहीतर याला कड्यावरून खाली फेकतो. हातात साधी काठीपण नाही, तरी जबरी चोरी. आणि हीच जबरी चोरी पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली, किंवा करायचा नुसता प्रयत्न केला, की तो दरोडा. इथेपण हत्यार लागत नाही. पाच लागतात. चार जण बंदुका घेऊन आले तर दरोडा नाही, पाच जण मोकळ्या हातांनी आले तर दरोडा. हे ऐकलं की लोक हसतात, काय कायदा आहे म्हणतात, पण आपली भाषापण हेच सांगते ना? चोरी होते, खिसा कापला जातो, घर फुटतं, पण दरोडा ‘पडतो’. धाड पडते, वीज पडते, टोळधाड पडते, तसा दरोडा पडतो, वरून, एकदम, पुष्कळांचा मिळून. दोघांनी बाइकवरून येऊन केलेल्या कामासाठी मराठीत फार जुना आणि नेमका शब्द होता, वाटमारी. लुटणं होतं, लुबाडणं होतं, नागवणं होतं. वाल्याच्या हातात कुऱ्हाड होती, त्यानं किती माणसं मारली त्याच्या हिशोबाला रांजण पुरले नाहीत म्हणतात, तरी गोष्टीत आपण ऐकतो ते तो वाटमारी करायचा असंच. एकटा होता ना.

आता समोरच्यांचे मुद्दे घेतो, कारण त्यातले काही खरंच वजनदार आहेत. पहिला म्हणजे, अरे भाऊ, लोकांची भाषा आणि कोर्टाची भाषा एक असायची काय गरज? शेतकरी कांद्याचा भाव पडला की म्हणतो आमच्यावर दरोडा घातला, टोलनाक्यावर माणूस म्हणतो हा दिवसाढवळ्या दरोडा आहे, हॉस्पिटलचं बिल बघून म्हणतो. म्हणू द्या की! मान्य, शंभर टक्के मान्य. लासलगावच्या लिलावात उभा असलेला शेतकरी काही भावाच्या विरोधात पोलिस स्टेशनला जाणार नसतो, त्याला आपलं दुखणं सांगायचंय आणि त्यासाठी भाषा जेवढी ताणता येईल तेवढी ताणावी, कोणाचं काही जात नाही. पण कॉलनीतले लोक उपमा देत नाहीयेत. ते निवेदन घेऊन जायच्या गोष्टी करतायत की गुन्ह्याचं कलम बदला. तुम्ही कलमाची भाषा मागायला निघालात की मग कलमाचा अर्थ बघावाच लागतो, तिथे ‘आम्ही आपलं बोली भाषेत म्हणत होतो’ चालत नाही.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे आणि तो मला घरातूनच ऐकायला मिळाला. माझी मावशी. काही वर्षांपूर्वी गंगापूर रोडला सकाळी फिरायला गेलेली असताना तिची पोत ओरबाडली. दोघंच होते, बाइकवर, मागच्यानं हात घातला, पोत तुटेना म्हणून ती चार पावलं फरफटत गेली आणि मग तुटली. गळ्यावर वळ महिनाभर होता, त्यानंतर दीड वर्ष ती एकटी बाहेर पडली नाही, अजूनही मागून बाइकचा आवाज आला की रस्ता सोडून कंपाउंडला चिकटून उभी राहते. परवा हा विषय निघाला तेव्हा म्हणाली, तुझं पाच नि चार तू ठेव तुझ्यापाशी, ज्याच्या गळ्याला हात लागतो त्याला दोन काय नि दहा काय. यावर काय बोलणार? खरंच आहे. भीती माणसं मोजून लागत नाही. आणि ‘जबरी चोरी’ या शब्दात ती भीती कुठेच दिसत नाही हेपण खरं, चोरी म्हटलं की आपल्याला पितळेचा तांब्या गेल्यासारखं वाटतं, पुढे जबरी लावलं तरी. मावशीचं वाक्य अजून आठवतं, चोरी नाही झाली रे, मला ओढलं.

पण याच मुद्द्यावर कॉलनीवाले गोत्यात येतात, कारण कायदा मावशीच्याच बाजूनं बोलतो, फक्त दरोड्याच्या कलमात नाही, दुसऱ्या कलमात. जरा शिक्षा बघा. दरोड्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ‘पर्यंत’ आहे, किमान आकडा नाही. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत, आणि सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मधे हायवेवर केली तर चौदा वर्षांपर्यंत, कसारा घाटात रात्री गाडी अडवणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावं. पण जबरी चोरी किंवा दरोडा घालताना प्राणघातक हत्यार ‘वापरलं’ तर एक वेगळं कलम आहे, जुनं ३९७, नव्या संहितेत ३११, आणि त्यात शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी देताच येत नाही. दोघं असोत की पाच, त्याला फरक पडत नाही, हत्याराला पडतो. म्हणजे ज्यांना त्या पोरांना जास्त शिक्षा व्हावीशी वाटते त्यांनी ‘दरोडा लावा’ म्हणून ओरडायचं की ‘हत्याराचं कलम लावा’ म्हणून? पहिल्या मागणीवर पोलिस सरळ सांगतील की साहेब माणसं दोनच होती, आणि विषय संपला. दुसऱ्या मागणीवर त्यांना उत्तर द्यावं लागेल. महिनाभरात ही दुसरी मागणी एकानंही केलेली मी ऐकली नाही.

इथे कोणीतरी लगेच म्हणणार की कोयता ‘वापरला’ कुठे, नुसता काउंटरवर आपटला, कोणाला मारला थोडीच. याचं उत्तर सुप्रीम कोर्टानं १९७५ मध्येच दिलंय, फूल कुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात. पेट्रोल पंपावरची लूट होती. कोर्ट म्हणालं, हत्यार समोरच्याला दिसेल असं हातात धरलं आणि त्यानं तो घाबरला, की झाला वापर, भोसकायची वाट बघायची गरज नाही. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. कोयत्याचं काम उसावर वेगळं आणि मेडिकलच्या काउंटरवर वेगळं, तिथे त्याचं काम दिसणं हेच असतं. उलट खिशात लपवलेला चाकू, जो कोणी बघितलाच नाही, त्यानं कोण घाबरणार? भीती नजरेतून आत जाते आणि कायदा तिथेच मोजमाप करतो. नकली पिस्तुलाचा घोळ पण यातूनच होतो, घाबरणारा खरा घाबरला म्हणून जबरी चोरी ठरते, पण प्लास्टिकचं खेळणं प्राणघातक म्हणायचं कसं म्हणून हत्याराचं कलम लटकतं. इंग्लंडात २००५ मध्ये एक भारी केस हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेली होती. एक माणूस आपल्या जुन्या मालकाच्या घरात घुसला, जॅकेटच्या आत बोटं पुढे काढून पिस्तूल असल्याचं भासवलं आणि पैसे-दागिने घेतले. त्याच्यावर लुटीबरोबर नकली हत्यार बाळगल्याचापण गुन्हा लावला. लॉर्ड्सनी सांगितलं, लूट ठीक आहे, पण स्वतःचं बोट माणूस ‘बाळगू’ शकत नाही, ते त्याच्या शरीराचाच भाग आहे, तो आरोप रद्द! हसू येतं, पण बघा ना, शब्द किती जपून वापरलेत. ती लूट कोणी सोडून दिली नाही, आणि बोटाला बंदूकपण म्हटलं नाही.

आणि अजून एक बारीक गोष्ट, जी आमच्या मेडिकलच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची आहे. हे सात वर्षांचं कलम ज्याच्या हातात हत्यार होतं आणि ज्यानं ते वापरलं फक्त त्यालाच लागतं, बरोबरच्याला लागत नाही, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे परत ठणकावून सांगितलंय. म्हणजे एफआयआरमध्ये नुसतं ‘दोन अनोळखी इसमांनी कोयत्याचा धाक दाखवून’ असं लिहिलं असेल (आणि नव्वद टक्के वेळा असंच लिहितात, माझा आपला अंदाज) तर उद्या कोर्टात दोघांचे वकील एकमेकांकडे बोट दाखवणार. कोयता कोणाच्या हातात होता? उंच होता त्याच्या की टोपी घातलेल्याच्या? हे ज्या रात्री विचारायला पाहिजे त्या रात्री सगळे हेडलाइन कुठली द्यायची यात गुंतलेले.

तिसरा मुद्दा पोलिसांवरच्या अविश्वासाचा, आणि तो मी अजिबात उडवून लावणार नाही. गुन्हा खालच्या कलमात बसवायची सवय खोटी नाही. माझाच मोबाइल एकदा शालिमारच्या गर्दीत हातातून ओढून नेला होता, मी तक्रार द्यायला गेलो तर समोरच्या साहेबांनी फार प्रेमानं विचारलं की नक्की ओढला का, पडला नसेल कशावरून, आणि शेवटी कागदावर आलं ‘गहाळ’. मी सही करून घरी आलो, कारण मला फक्त सिमकार्ड परत पाहिजे होतं. हिसकावलेला मोबाइल गहाळ होतो, जबरी चोरीची साधी चोरी होते, महिन्याचे आकडे छान दिसतात. तेव्हा लोकांना जर वाटलं की मोठा शब्द मागितल्याशिवाय मधला शब्दपण पदरात पडत नाही, तर चूक कोणाची? भाजीवाल्याशी घासाघीस करताना आपण नाही का निम्म्यापासून सुरुवात करत. पण घासाघिशीत एक गोची असते, समोरच्याला कळलं की तुम्ही वाढवून सांगताय, की तो तुमचं खरंपण अर्ध्यावर आणतो. दोघांना दरोडेखोर म्हणणाऱ्या अर्जदाराच्या बाकीच्या अर्जाकडे तो अधिकारी कसा बघेल?

आणि खरंच रागवायचं असेल तर रागवायला जागा आहे की. नव्या न्याय संहितेत ३०४ नंबरचं एक नवं कलम आलंय, स्नॅचिंगचं, म्हणजे हिसकावणीचं. पूर्वी पोत ओरबाडली की आपल्याकडे जबरी चोरीच लावायचे, दहा वर्षांपर्यंतची. आता हिसकावणीला वेगळं नाव मिळालं, ऐकायला बरं वाटलं, पण शिक्षा बघितली तर तीन वर्षांपर्यंत, म्हणजे साध्या चोरीएवढीच. मावशीसारखी फरफटत नेलेली बाई, गळ्यावर वळ, म्हणजे दुखापत झाली, ते प्रकरण जबरी चोरीतच जायला पाहिजे. पण आता दोन्ही दारं उघडी आहेत आणि कुठल्या दारातून न्यायचं ते तक्रार लिहिणारा ठरवणार. यावर कॉलनीत मोर्चा काढायचा म्हणाले असते तर मी पहिल्या रांगेत असतो. पण या कलमाचं नाव घेतलेलं मी एकदाच ऐकलं, तेही एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरीकडून, आणि तिला कोणी बोलू दिलं नाही.

काही जण २०१९ चा दाखला देतात. त्या वर्षी जूनमध्ये उंटवाडीला एका फायनान्स कंपनीच्या ऑफिसात बंदुका घेऊन टोळी घुसली, एका तरुण कर्मचाऱ्यानं अलार्म वाजवला, त्याला गोळ्या घातल्या, तो गेला, आणि टोळी सोनं न घेताच पळाली. अख्खं नाशिक तेव्हा सुन्न होतं, मलाही तो दिवस आठवतो. लोक म्हणतात हे आपल्या शहरात घडलंय, मग आम्ही घाबरायचं नाही का, मोठा शब्द वापरायचा नाही का? वापरा ना, त्याच दिवसासाठी तो शब्द राखून ठेवा म्हणतोय मी. तिथे एक रुपयाही गेला नाही आणि एक जीव गेला. गेलेल्या मालावरून गुन्ह्याची उंची मोजणारे आमचे ‘पाच-सहा हजारच तर गेले’वाले काका या हिशोबानं उंटवाडीच्या प्रकाराला काय म्हणणार, शून्य रुपयांची चोरी? आणि मेडिकलच्या प्रकाराला त्याच्याच शेजारी एकाच शब्दाखाली बसवणारे दुसरे, त्यांना त्या मेलेल्या पोराचं काय वाटतं?

मोठ्या शब्दाचा अजून एक धोका आहे, तो कॉलनीत राहणाऱ्यांना सहसा दिसत नाही कारण तो आपल्या दारात येत नाही, वस्तीवर जातो. पेपरात दर पंधरा दिवसांनी एक बातमी असते, ‘दरोड्याच्या तयारीत असलेली टोळी जेरबंद’. जप्त केलेला माल कायम तोच, कोयता, कटावणी, दोरी, मिरचीची पूड. आणि नीट वाचलंत तर कित्येकदा पकडलेले असतात तीन नाहीतर चार, बाकीचे ‘अंधाराचा फायदा घेऊन पसार’. का बरं? कारण पाच पाहिजेत! साध्या जबरी चोरीची नुसती तयारी केली तर तो गुन्हा नाही, दरोड्याची तयारी मात्र दहा वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे, काहीही चोरलेलं नसताना. सगळ्या केस खोट्या असतात असं मी म्हणत नाही, टोळ्या असतात, रात्रीच्या गस्तीवर जीव धोक्यात घालणारे पोलिसपण असतात. पण तो अंधारात पळालेला पाचवा माणूस कितीदा खरंच अस्तित्वात असतो हा प्रश्न बचावाचे वकील वर्षानुवर्षं विचारतायत.

आणि दरोडेखोर हा शब्द सगळ्यांना सारखा चिकटत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा गेला १९५२ मध्ये, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण संशय विमुक्त झाला का? आपल्याच राज्यात २००३ मध्ये एका वस्तीवर दरोडा, खून आणि बलात्काराचा भयंकर प्रकार झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाच्या सहा जणांना फाशी सांगितली. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं, आणि ती गोष्ट दाबून ठेवलेली निघाली. सोळा वर्षं आत, आणि भरपाई प्रत्येकी पाच लाख. तिथे दरोडा पडला होता यात वाद नव्हता. पण ‘दरोडेखोर कोण’ हे ठरवताना पुरावा बघितला की जमात? म्हणून मला तो शब्द कॉलनीतल्या चर्चेत असा शेंगदाण्यासारखा उधळलेला आवडत नाही. आपण घाबरून जेवढा मोठा आवाज करतो तेवढी ‘कोणालातरी पकडा’ची घाई होते, आणि तो कोणीतरी इंदिरानगरमधून उचलला जात नाही.

याला दुसरी बाजू पण आहे आणि इतिहासात ती जागोजागी दिसते. शब्द ठरवणारा कोण यावर दरोडेखोर आणि क्रांतिकारक ठरतो. ९ ऑगस्ट १९२५ ला काकोरीजवळ रेल्वे थांबवून सरकारी खजिना लुटला, माणसं पाचाहून जास्त, हातात पिस्तुलं, म्हणजे कायद्याच्या अक्षराला धरून तो दरोडाच, आणि इंग्रजांनी चौघांना फाशी दिली. आपण कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकात ‘कट’ म्हणून वाचलं, हिंदीत सरळ ‘डकैती’ म्हणायचे, २०२१ मध्ये उत्तर प्रदेश सरकारनं नाव बदलून ‘ट्रेन ॲक्शन’ केलं. लांब कशाला, आपल्या सिन्नर तालुक्यात भागोजी नाईक, आधी पोलिसात नोकरीला होता, १८५७ मध्ये भिल्लांना घेऊन उठला, नांदूर शिंगोट्याला पोलिस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री मारला गेला, आणि पुढं १८५९ मध्ये भागोजीपण मारला गेला. इंग्रजांच्या लेखी तो काय असेल सांगायला नको, आपण त्याला बंडाचा नायक म्हणतो. सुरतेची ‘लूट’ म्हणायचं की ‘स्वारी’ म्हणायचं यावर आपल्याकडे अधूनमधून गरम होतंच, आणि १६७० च्या त्या दुसऱ्या सुरतेहून परतताना महाराजांची मोगल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली ती आपल्याच वणी-दिंडोरीला. या सगळ्यातून कोणी म्हणेल, बघा, म्हणजे शब्द राजकीयच असतात, मग आमचा एक घ्या. मी उलटं म्हणतो. काकोरीला काय घडलं, किती जण होते, कोणाकडे काय होतं, खजिना कोणाचा होता, हे नोंदलेलं आहे म्हणून तर शंभर वर्षांनी आपण नाव बदलू शकलो. नुसतं ‘डकैती’ एवढंच लिहून ठेवलं असतं तर बदलायला हाताशी काय होतं?

तर परवा मी त्या मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या आणायला गेलो. नवीन काच बसवलीय. मालकाला म्हटलं, दादा, कोयता कोणाच्या हातात होता हो? तो म्हणाला, अहो भाऊ, महिनाभरात शंभर जण येऊन गेले, दरोडा होता की चोरी एवढंच विचारतात, हे तुम्ही पहिले. मग गोळ्यांची स्ट्रिप हातात तशीच धरून आठवत राहिला. बुटका होता त्याच्या हातात. डाव्या हातात. मुठीला लाल कापड गुंडाळलेलं होतं, आणि पैसे उचलणारा त्याला म्हणत होता चल ना, चल ना. हे सांगितलं का तुम्ही तक्रारीत? नाही म्हणाला, त्या रात्री काही सुचतच नव्हतं, त्यांनी लिहिलं त्यावर सही केली. म्हटलं, पुरवणी जबाब देता येतो. शटर दुपारी एक ते चार बंद असतं, तो म्हणाला उद्या एक वाजता येता का बरोबर. जाऊन आलो काल. साहेब आधी कुरकुरले, मग लिहून घेतलं, डावा हात, लाल कापड, बुटका, सगळं.